फवारा मारायच्या आधी पान उलटून पाहा

(प्रभागसंघाच्या संक्रांत मेळाव्यात आपल्या एका कृषी सखीनं परसबागेवर केलेलं हे बोलणं. त्या दिवशी ज्या तायांना येता आलं नाही त्यांच्यासाठी, बोलीत फारसा बदल न करता छापत आहोत. – संपादक मंडळ)



तिळगूळ वाटून झाला, हिशोबाचं वाचन झालं, आता मला थोडा वेळ दिला आहे. विषय दिला 'परसबाग'. पण मी अख्खी परसबाग घेत नाही. एकच झाड घेते, टमाट्याचं. कारण गेल्या तीन महिन्यांत ज्या ज्या गटात गेले, तिथं बचत गोळा होऊन वही मिटली की कुणीतरी विचारतेच, "ताई, टमाट्याची पानं पिवळी पडून वाळून राहिली, कोणतं औषध मारू?"

हा प्रश्न मला चांगला ओळखीचा आहे. दोन वर्षांपूर्वी मी स्वतः हाच विचारला होता आणि उत्तराची वाट न पाहता फवाराही मारला होता. ती गोष्ट आधी सांगते. सांगायला लाज वाटते, पण ती लपवून तुम्हाला शिकवायला उभं राहणं बरं नाही.

माझ्याकडून काय झालं

आमच्या घरामागं सांदवाडी आहे. न्हाणीचं पाणी जिथं निघतं, त्या बाजूला मी टमाट्याची दहा रोपं लावली. आयतं पाणी मिळेल, वेगळं घालायला नको, असा माझा हिशोब. दोन रोपं उरली, ती गोठ्याच्या भिंतीजवळच्या उंचवट्यावर खोसून दिली.

झाडं फुलावर आली, चार-दोन फळं धरली आणि पानं पिवळी पडायला लागली. आधी खालची, मग मधली. दुपारी झाडं माना टाकत. मला वाटलं पाणी कमी पडलं, म्हणून वरून आणखी दोन बादल्या ओतल्या. तरी फरक नाही. पडवीत कपाशीच्या फवारणीतून उरलेली एक बाटली होती. दुकानदारानं आमच्या घरच्यांना सांगितलं होतं, "हे सगळ्यावर चालते." मी अंदाजानं झाकणभर घेतलं, पंपात टाकलं आणि मारलं. चार दिवसांनी पुन्हा मारलं.

दुसऱ्या दिवशी मजुरीवरून घरी आले, तर माझा धाकटा, तेव्हा सहा वर्षांचा, अंगणात बसून टमाटा खात होता. शर्टाला पुसून घेतलेला. म्हणतो, "आई, आपला टमाटा गोड आहे."

रात्री त्याला उलट्या सुरू झाल्या. गाडीवर दोघांच्या मधे बसवून ग्रामीण रुग्णालयात नेला. डॉक्टरांनी विचारलं, कोणतं औषध मारलं होतं, बाटली कुठं आहे? बाटली घरी. हे परत गेले, बाटली घेऊन आले. पोराला रात्रभर सलाईन लावून ठेवलं. सकाळी त्यानं बिस्किट मागितलं तेव्हा माझ्या जिवात जीव आला. उलट्या त्या औषधानंच झाल्या असं डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं नाही. पण बाटलीवरचा कागद त्यांनी मला वाचून दाखवला. त्यावर टमाट्याचं नावच नव्हतं.

घरी येऊन मी रागानं ती दहाही झाडं उपटली. मुळं तपकिरी, मऊ, बोटानं ओढलं की साल हातात. मातीला नालीसारखा वास. साबणाचं पाणी साचून साचून मुळं सडली होती. पानावर मारलेलं औषध त्याला काय करणार? आणि गोठ्याजवळची दोन झाडं हिरवीगार उभी होती. तीच रोपं, त्याच दिवशी लावलेली. तिथं फक्त न्हाणीचं पाणी जात नव्हतं. उत्तर रोज माझ्या डोळ्यांसमोर होतं, मी पाहिलंच नाही.

आपल्या विदर्भाला फवारणीची विषबाधा नवीन नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. ते शेतातलं झालं. सांदवाडी तर चुलीपासून दहा पावलांवर. तिथं पोरं खेळतात, कोंबड्या फिरतात, कपडे वाळतात. म्हणून सांदवाडीत पंप सगळ्यात शेवटी.

गटात कुणी कर्ज मागितलं की आपण आधी विचारतो, कशासाठी पाहिजे, मागचं किती फिटलं, उत्पन्न कुठून येणार? न विचारता पैसा देत नाही. झाडालाही तसंच पाच गोष्टी विचारायच्या. सकाळी ऊन चढायच्या आत, हातातलं काम ठेवून, दहा मिनिटं.

पहिलं : पिवळं कुठून सुरू झालं, खालून की शेंड्याकडून?

घरात भाजी कमी असली की आई आपल्या ताटातली काढून पोराला वाढते. झाडही तसंच करतं. नत्र कमी पडलं की जुन्या पानातलं काढून नव्या पानाला देतं. म्हणून नत्राची भूक खालच्या पानांवर दिसते. पूर्ण पान सारखं फिकट पिवळं होतं, ठिपका नाही, डाग नाही, आणि झाडाची वाढ खुरटते. अशा झाडाला चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत दोन ओंजळी, खोडापासून वीतभर लांब गोल पसरून मातीत मिसळा. ताजं शेण घालू नका, त्याला उधई लागते. युरिया खोडाशी टाकू नका, मूळ जळतं.

लोहाचं उलटं आहे. ते जुन्या पानातून नव्याकडे सहज जात नाही. म्हणून लोह कमी पडलं की शेंड्याची कोवळी पानं पिवळी होतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, जाळी काढल्यासारख्या. चुनखडीच्या जमिनीत हे जास्त होतं. जमिनीत लोह असतं, पण झाडाला उचलता येत नाही. माती सतत ओली असली तरी तेच होतं, म्हणून आधी पाणी कमी करून पाहा. तेवढ्यानं भागलं नाही तर हिराकस, एका लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी फवारता येतं.

आणि शिरा हिरव्या, मधलं पिवळं, पण हे खालच्या पानांवर असेल, तर मॅग्नेशियम कमी आहे. चित्र तेच, जागा वेगळी. म्हणून जागा पाहायची.

एक सांगून ठेवते. लावल्यावर पहिल्या आठवड्यात एखाद-दुसरं खालचं पान पिवळं पडणारच, रोप जागा बदलून आलेलं असतं. फळं तोडणीला आली की अगदी खालची दोन-तीन पानं जातातच, त्यांचं वय झालेलं असतं. त्याला रोग म्हणू नका.

दुसरं : पानावर डाग आहेत का, आणि कसे?

खालच्या पानांवर तपकिरी डाग, डागात गोल गोल वलयं, दगड टाकल्यावर विहिरीच्या पाण्यात उठतात तशी, आणि डागाच्या भोवती पिवळा रंग. हा लवकर येणारा करपा. तो बुरशीचा आहे. पाणी घालताना किंवा पावसात मातीचे शिंतोडे पानावर उडतात, त्यातून तो चढतो. डाग पडलेली खालची पानं तोडा, मातीला टेकणारी पानंही काढा. झाडाला काडीचा आधार द्या. बुडाशी वाळलेला पालापाचोळा अंथरा, म्हणजे शिंतोडे उडणार नाहीत. पाणी बुडाशी घाला, पानावर नाही.

थंडी, धुकं, ढगाळ आणि ओलसर हवा असताना पानांवर पाण्यानं भिजल्यासारखे मोठे काळपट चट्टे आले, मागच्या बाजूनं पांढुरकी बुरशी दिसली, तर तो उशिरा येणारा करपा. हा मात्र थांबत नाही. चार-पाच दिवसांत बाग काळी करतो. तिथं घरगुती उपायात दिवस घालवू नका, त्याच दिवशी कृषी सहायकांना किंवा कृषी विज्ञान केंद्राला दाखवा.

तिसरं : पान उलटून पाहा

शंभरातल्या नव्वद बाया पान वरूनच पाहतात. चोर मागच्या दारी बसलेला असतो.

झाड हलवा. पिठाच्या कणांसारखे पांढरे किडे भुर्रकन उडाले, तर ती पांढरी माशी. ती रस शोषते त्यापेक्षा मोठं नुकसान म्हणजे पर्णगुच्छ आणते, ज्याला आपण बोकड्या म्हणतो. पानं वरच्या बाजूला वाटीसारखी वळतात, बारीक राहतात, कडा पिवळ्या पडतात, झाड झुडपासारखं बुटकं होतं. बोकड्या विषाणूचा आहे. त्यावर औषध नाही. दुकानात कुणी दिलं तरी ते माशीचं असेल, रोगाचं नसेल. लहानपणीच बोकड्या आलेलं झाड उपटून पुरून टाका, जीव धरून बसू नका. एका झाडासाठी बाकीची जातात.

पानावर टाचणीनं टोचल्यासारखे बारीक पिवळे ठिपके, मागं बारीक जाळं, तर लाल कोळी. ऊन तापलं की येतो. पांढऱ्या कागदावर पान झटका. लाल-तांबडे कण चालायला लागले की ओळखा. पानाच्या मागच्या बाजूनं पाण्याचा जोरदार शिपका दोन-तीन दिवस द्या, बराच कमी होतो.

पान फिकट-गर्द हिरव्या चट्ट्यांचं, गोधडीसारखं दिसलं, तर मोझॅक. हाही विषाणूचाच. आता हसू नका. याचा एक प्रकार तंबाखूतून हातावर येतो आणि हातातून झाडावर जातो. खर्रा घोटलेले, तंबाखू मळलेले हात साबणानं धुतल्याशिवाय रोपाला लावू नका. घरच्यांनाही सांगा. तंबाखू सोडायला आणखी एक कारण मिळालं.

चौथं : मातीत बोट घाला

दुपारी झाडानं मान टाकली की आपण बादली उचलतो. आधी बोट दोन पेर मातीत घाला. कोरडी लागली तर पाणी द्या. ओली लागली आणि तरी झाड मान टाकतं, तर पाणी देऊ नका. मुळाला श्वास घ्यायला जागा नाही, म्हणून ते पाणी उचलत नाही. तिथं पाणी ओतणं म्हणजे बुडणाऱ्याला पाणी पाजणं. मी तेच केलं होतं.

न्हाणीच्या पाण्याचं असं करा. साबण-सोड्याचं पाणी एका जागी मुरत राहिलं की माती चोपण होते, चिकट होते, वरून पांढरी पापडी धरते. ते पाणी केळीला, अळूला वळवा किंवा शोषखड्ड्यात सोडा. टमाटे उंच वाफ्यावर लावा. काळ्या जमिनीत तर वाफा वीतभर उंच हवाच.

पाचवं : शेजारचं झाड पाहा, मग मूळ पाहा

सगळी झाडं एकाच दिवशी, एकाच बाजूनं बिघडली तर रोगाआधी दुसरा संशय घ्या. शेजारच्या शेतात तणनाशक मारलं का? आपला पंप तणनाशकाचा होता का? टू-फोर-डीसारखं तणनाशक टमाट्याला थोड्या वाऱ्यानंही लागतं. शेंड्याची पानं दोऱ्यासारखी अरुंद होतात, पिळा पडतो. बाया त्याला बोकड्या समजतात. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा, धुऊनही टमाट्याला वापरू नका.

एखादंच झाड जात असेल तर ते मुळासकट उपटून पाहा. ते तसंही जाणारच आहे, जाता जाता बाकीच्यांना वाचवू द्या. मुळावर गाठी, मण्यांच्या माळेसारख्या, तर सूत्रकृमी. तिथं पुढच्या वेळी झेंडू लावा. मुळं सडकी, तर पाणी. खोड उभं चिरलं आणि सालीच्या आत तपकिरी रेघ दिसली, पिवळेपणा झाडाच्या एका अंगानं चढलेला, तर बुरशीची मर.

झाड हिरवंच असताना दोन-तीन दिवसांत एकदम कोमेजलं, तर एक परीक्षा घरी करता येते. खोडाचा बुडाजवळचा बोटभर तुकडा कापा आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात उभा धरा. थोड्या वेळात दुधाच्या धारेसारखे पांढरे धागे खाली उतरले, तर जिवाणूची मर. त्यावर औषध नाही. ते झाड बुडाच्या मातीसकट काढा, खताच्या खड्ड्यात टाकू नका. त्या जागी टमाटे, वांगी, मिरची, बटाटे काही वर्षं लावू नका, ही सगळी एकाच कुळातली भावंडं आहेत, एकाचा आजार दुसऱ्याला. तिथं मका किंवा ज्वारी घ्या.

मग औषध कधी?

पाच गोष्टी पाहून झाल्या, कीड-रोग ओळखला, पानं तोडून, पाणी सुधारून भागलं नाही, तेव्हा. पहिल्यांदा निंबोळी अर्क. ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यानं गाळा, थोडा साबण घाला, संध्याकाळी पानाच्या मागच्या बाजूनं फवारा. रस शोषणाऱ्या किडीवर काम करतो. उन्हाळ्यात निंबोळ्या वेचून सावलीत वाळवून ठेवल्या तर हे औषध फुकट आहे. पिवळ्या डब्याला एरंडीचं तेल फासून झाडाच्या उंचीवर टांगला की पांढरी माशी चिकटते.

करप्यासाठी दुकानातलं बुरशीनाशक घ्यायची वेळ आली, तर डब्यावरचा कागद वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या. तीन गोष्टी पाहा. त्यावर टमाट्याचं नाव आहे का? एका लिटरला किती घ्यायचं? फवारल्यावर किती दिवस फळ तोडायचं नाही? ते दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि पोरांना सांगा. डब्यावर त्रिकोण असतो. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा आहे म्हणून चाटून पाहायचा नसतो, विष तेही आहेच.

कपाशीची उरलेली बाटली सांदवाडीत आणायची नाही. आणि कधी काही झालंच, तर माणसाबरोबर बाटलीही दवाखान्यात न्यायची. डॉक्टरांना उपचार त्यावरून ठरवता येतो. आमचा अर्धा तास बाटलीसाठी गेला होता. तो अर्धा तास मी जन्मभर विसरणार नाही.

समजलंच नाही तर किसान कॉल सेंटरला फोन करा, १८००-१८०-१५५१. फुकट आहे, सकाळी ६ ते रात्री १०, मराठीत बोलतात. पण फोन लावायच्या आधी या पाच गोष्टी पाहून ठेवा, कारण तेही हेच विचारतील.

पुढच्या बैठकीसाठी काम

पुढच्या हंगामात रोपं घरी करणार असाल तर रोपांच्या वाफ्यावर जुनी पातळ साडी तंबूसारखी बांधा. माशी आत शिरली नाही तर बोकड्याही लवकर शिरत नाही. विकतचं बी घेताना बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं 'अर्का रक्षक' मिळालं तर पाहा. ते बोकड्या, जिवाणूची मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तोंड देणारं वाण आहे. पण ते संकरित आहे, त्याचं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर तसंच झाड येणार नाही.

आता एक काम देते. पुढच्या बचत बैठकीला प्रत्येकीनं आपल्या झाडाचं एक पिवळं पान आणायचं, प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून. सोबत तीन गोष्टी लक्षात ठेवून यायच्या: पान खालचं होतं की वरचं, माती ओली होती की कोरडी, शेजारचं झाड कसं आहे. बचतीची वही मिटल्यावर पंधरा मिनिटं आपण ती पानं पाहू. मी नसले तरी पाहा. दहा बायांचे वीस डोळे एका पानावर फिरले की बहुतेक उत्तर तिथंच सापडतं.

आणि माझी ती गोठ्याजवळची दोन झाडं? पोराचा दवाखाना झाला, त्यानंतर त्यांची लागलेली सगळी फळं तोडून पुरून टाकली, कारण फवारा त्यांच्यावरही बसला होता. झाडं ठेवली. नवीन बहर आला, तो होळीपर्यंत खाल्ला. पहिला टमाटा धाकट्याच्या हातात देताना मी तो धुतला, पुसला, पुन्हा धुतला. तो म्हणाला, "आई, आता खाऊ का?"

हा प्रश्न तुमच्या पोरांना कधी विचारावा लागू नये, एवढ्यासाठी आज बोलले.